सोफ्याची वाट

नव्या बागेच्या फिरत्या फाटकातून मुक्ताची चाकाची खुर्ची आत जाईल का, या एका काळजीने अनुजाचा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. तिची सहा वर्षांची लेक मुक्ता खिडकीत बसून ती बाग घडताना बघत आली होती. कुठल्या झाडाला आधी फूल आलं, तेही तिला ठाऊक होतं.

उद्घाटनाच्या सकाळी व्हायचं तेच झालं. खुर्ची फाटकात अडकली, आणि अनुजा पाठ केलेली सगळी सभ्य वाक्यं विसरली.

नगरसेवक बाबर स्वागताला तिथेच उभे होते. "ताई, फाटक मुद्दाम अरुंद केलंय. मोटारसायकली घुसतात. चाकाला बंदी म्हणजे बंदी! पोरीला घ्या की कडेवर."

"कडेवर नको," मुक्ता पुटपुटली. "माझी मी फिरणार."

अनुजाने आत पाहिलं. मंचावर पाहुण्यांसाठी भलामोठा लाल सोफा मांडला होता.

"साहेब, तो सोफा ह्याच फाटकातून आला?"

"छे हो! त्याच्यासाठी मागचं मोठं फाटक उघडलं. एरवी कुलूप असतं त्याला."

"मग हिला सोफाच समजा," अनुजा म्हणून गेली. "फक्त हा सोफा रोज येणार."

जमलेली मंडळी खो खो हसली. बाबरही कसंनुसं हसले, आणि मागचं फाटक रोज उघडं ठेवायचं त्यांनी सगळ्यांदेखत कबूल केलं.

मुक्ता स्वतः चाकं फिरवत आत गेली. झाडांपाशी न जाता ती मंचापुढे थांबली आणि सोफ्याकडे बघत राहिली.

"आई," तिने हळूच विचारलं, "सोफ्यालापण चालता येत नाही का गं?"