चाकांवरचे घर घाट चढते

एका जंगलात एक घर राहत असे. घर राहत नसते, घरात कोणीतरी राहते, हे मलाही ठाऊक आहे, मुलांनो. पण या घराला चार चाके होती. पावसाळा आणि हिवाळा ते घाटाखालच्या जंगलात काढी आणि उन्हाळ्यात घाटावरच्या पठारावर मुक्कामाला जाई, म्हणून त्याच्याबद्दल असेच बोलावे लागते. खालचा ओढा आटला की सगळे प्राणी वरच्या तळ्याकाठी निघत. धडधाकट होते ते पायी जात. म्हातारे, आजारी आणि ज्यांच्या पिल्लांनी अजून डोळे उघडले नव्हते अशा आया घरात बसून जात.

हे घर ओढायचे कोणी, हे ठरवायची तिथे एक रीत होती. निघायच्या आधी माळावर शर्यत लागे. जो पहिला येई, कोल्हा त्याच्या छातीवर घर ओढायचा पट्टा बांधी आणि मग मुक्कामी पोचेपर्यंत दुसऱ्या कोणी त्या पट्ट्याला शिवायचे नाही. शर्यत दरवर्षी घोडा जिंकत असे. तो सुटला की उडालेली धूळ खाली बसायच्या आत परत आलेला असे. आणि तो नुसता दिखाऊ होता असे समजू नका. इतकी वर्षे घर त्यानेच वर नेले होते. तेव्हा घर म्हणजे पानांचे छप्पर घातलेली एक लहानशी गाडी होती. घोडा खालून धावत येई आणि त्याच धावेत घाट चढून जाई. गाडीतल्या म्हाताऱ्या सशाला वाटेत साधी झोपही लागत नसे, इतक्या लवकर ते वर पोचत.

त्या वर्षी मात्र वानरांनी घोटाळा केला. माणसांच्या डांबरी रस्त्यावरून जाणारी मोटारघरे त्यांनी झाडावर बसून पाहिली होती. आत पलंग, आत चूल, आत पाण्याची टाकी. मग काय, वानरांना चैन पडेना. हिवाळाभर खपून त्यांनी घराला जाड फळ्यांच्या भिंती घातल्या, वर पोटमाळा काढला, आत रांजणभर पाण्याची सोय केली आणि पुढच्या बाजूला एक सज्जाही बांधला. सज्जा कशाला हवा होता ते त्यांनाच माहीत. घर झाले मोठे देखणे. जो तो येऊन भिंतीवर थाप मारी आणि तोंडभर कौतुक करी. एवढे जड घर ओढणार कोण, असे कोणी विचारले नाही, कारण ते तर शर्यतच ठरवणार होती.

शर्यत झाली आणि घोडा पहिला आला. रेडाही धावला होता. मोठ्या जनावरांनी सगळ्यांनी धावायचे अशी रीतच होती. तो पोचला तेव्हा बघणारे घरी गेले होते आणि पंच म्हणून थांबावे लागलेला कोल्हा एकटाच जांभया देत बसला होता.

"रेडेदादा, तू कशाला रे धावतोस?" कोल्ह्याने विचारले.

"नाव पुकारलं म्हणून," रेडा म्हणाला आणि पाणी प्यायला निघून गेला.

त्याच घरात कोपऱ्यातल्या गवतावर एक रानकोंबडी बसलेली होती. तिच्या पोटाखाली पाच अंडी होती. आदल्या वर्षीची तिची सगळी अंडी घोरपडीने खाल्ली होती, तेव्हापासून तिने मनाशी ठरवले होते की या खेपेला काही झाले तरी जागचे हलायचे नाही. अंडी थोडा वेळ जरी गार पडली तरी संपलेच, हे ती जाणून होती. ती खायला उतरायची तीसुद्धा अगदी पळत जाऊन पळत यायची.

निघायच्या दिवशी सकाळी पलीकडच्या डोंगरामागे धूर दिसला. वणवा लागला होता आणि वारा इकडेच होता. सगळे गडबडीने बाहेर पडले. कोल्ह्याने पट्टा बांधला. घोड्याने मागे वळून खिडकीतून आत पाहिले आणि म्हणाला, "ताई, घट्ट बसा. दुपारच्या आत वर नेतो." तो मनापासून बोलत होता.

माळावर घर सुरेख पळाले. पहिला चढही त्याने त्याच धावेत घेतला आणि मागून धावत येणाऱ्यांनी आनंदाने आरोळी दिली. मग पहिले वळण आले. वळणावर पाय आवरावेच लागतात, नाहीतर घर दरीत जायचे. घोड्याने पाय आवरले, आणि वळण संपून पुढचा चढ समोर उभा राहिला तेव्हा त्याच्या लक्षात आले की अंगातला जोर कुठेतरी निघून गेला आहे. त्याचे बळ त्याच्या धावण्यात होते. पाय भराभर पडू लागले की ते येई आणि पाय मंदावले की जाई. हलक्या गाडीला तेवढ्यावर भागत होते. हे घर मात्र मागे खेचू लागले. तुम्ही कधी घाटातून गेला असाल तर एखादे मोठे मोटारघर वळणावर असेच गुरगुरत अडकलेले पाहिले असेल. माणसे इंजिनाची ताकद घोड्यांत मोजतात. रेड्यांत मोजायचे अजून कोणाला सुचलेले नाही.

"थोडं मागे घे आणि धावत ये," कोल्हा वरच्या कठड्यावरून म्हणाला.

मागे घ्यायला जागा होती ती एवढीशीच. तेवढ्याच जागेत घोडा धावला, आणि पट्टा ताणला गेला तसा घराला हिसका बसला. घर जरासे पुढे गेले आणि परत घसरले. प्राण्यांनी धावत जाऊन चाकांमागे दगड लावले. घोडा पुन्हा धावला, पुन्हा हिसका बसला. त्याच्या तोंडाला फेस आला, अंग तापून वाफाळू लागले, गुडघे दगडावर आपटून सोलवटले. तरी तो थांबेना. आपण दिलेला शब्द खोटा पडतो आहे हे त्याला सहन होत नव्हते. तिसऱ्या हिसक्याला आतून काहीतरी फुटल्याचा बारीक आवाज आला आणि रानकोंबडी एकदाच ओरडली.

घोडा जागच्या जागी थांबला. "काय झालं, ताई?"

"एक अंडं गेलं," आतून उत्तर आले. "भिंतीवर जाऊन आपटलं."

आता खालच्या बाजूने धुराचा वासही येऊ लागला होता. कोल्ह्याने घसा साफ केला.

"घर इथेच सोडू," तो म्हणाला. "म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊ, पिल्लांना तोंडात धरू. ताई, तुम्हीही उतरा. अंडी काय, पुढच्या वर्षी पुन्हा होतील."

"पुढच्या वर्षीची अंडी म्हणजे ही नव्हेत, कोल्होबा," रानकोंबडी म्हणाली. पंख तिने आणखी घट्ट आवळले होते. "तुम्ही सगळे जा. मला राग नाही. मी यांना सोडून येत नाही."

एवढ्यात मागून रेडा आला. तो आपल्या चालीने येत होता, म्हणून आत्ता पोचला. त्याने घराकडे पाहिले, चाकांमागच्या दगडांकडे पाहिले, घोड्याच्या गुडघ्यांकडे पाहिले.

"मी लावून बघू का खांदा?" त्याने विचारले.

"तू?" कोल्हा म्हणाला. "तू शर्यतीत शेवटचा आला होतास. रीत आहे ना काही."

"शेवटचाच आलो होतो," रेडा म्हणाला. "पण आत्ता इथे कोणी धावतंय का?"

कोल्हा पुढे काही बोलणार होता, पण घोड्याने दातांनी स्वतःच पट्ट्याची गाठ सोडली. जिंकलेल्या जनावराने पट्टा सोडल्याचे त्या जंगलात आजवर कोणी पाहिले नव्हते. "मी धावलो तर मला जोर येतो," तो म्हणाला. "इथे धावता येत नाही, आणि मी धावायला बघितलं की घराला हिसका बसतो. घे, रेडेदादा. चाकामागचे दगड मी सरकवीन."

रेड्याने पट्टा घेतला. तो धावला नाही, मागे सरला नाही. त्याने चारही खूर मातीत रोवले, मान खाली घातली आणि नुसता पुढे झुकला. बराच वेळ काहीच झाले नाही. रेडा तसाच झुकून उभा राहिला. मग चाकांमधला कणा कुरकुरला आणि चाक एका आऱ्याएवढे फिरले. घोड्याने लगेच दगड पुढे सरकवला. चाक आणखी एका आऱ्याएवढे फिरले. आत रानकोंबडीला कळलेसुद्धा नाही की घर निघाले आहे. खिडकीबाहेरचे करवंदीचे झुडूप मागे गेले, तेव्हा कुठे तिला कळले.

"जरा पाय उचल ना," कोल्हा धुराकडे बघत म्हणाला. "असं किती वेळ चालणार?"

"चालेल तितका वेळ," रेडा म्हणाला. "मागे नाही यायचं, एवढंच बघतो."

दुसरे वळण आले, तिसरे आले. वळणावर रेड्याला पाय आवरावे लागले नाहीत, कारण तो मुळातच त्याच चालीने येत होता. ऊन चढले आणि उतरू लागले. घोड्याच्या सोललेल्या गुडघ्यांवर माशा बसत होत्या, पण प्रत्येक आऱ्याला त्याचा दगड चाकामागे हजर होता. एकदा रेड्याचा खूर निसटला. घर मागे रेलले, दगडावर टेकले आणि थांबले. रेड्याने दम घेतला, पुन्हा खूर रोवले आणि पुन्हा झुकला. ऊन कलले तेव्हा शेवटचा चढ संपला आणि घर पठारावर आले.

मग जो जल्लोष झाला तो विचारू नका. वानरांनी रेड्याच्या शिंगांत फुले खोवली. कोल्हा तर काय, वारा बघून तोंड फिरवण्यात पटाईत. तो एका खडकावर चढून म्हणाला, "आजपासून हे घर रेड्यानंच ओढायचं. घोड्याचं नाव काढायचं नाही." घोडा मान खाली घालून बाजूला झाला. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि रेडा पठारावरून चालू लागला.

पण तळे पठाराच्या पलीकडच्या टोकाला होते. मधे नुसते वाळलेले गवत होते आणि मागे घाटाच्या कडेवरून ठिणग्या उडून येऊ लागल्या होत्या. रेडा घाटात चालला त्याच चालीने चालत होता. दुसरी चाल त्याच्याकडे नव्हतीच. थोडे अंतर गेल्यावर तो आपणहून थांबला.

"घोड्याला लावा," तो म्हणाला.

"पण तो तर घाटात हरला," कोल्हा म्हणाला.

"घाट मागे राहिला, कोल्होबा. आता सपाटी आहे. मला पोचायला रात्र होईल आणि आग तेवढी थांबणार नाही."

सगळे घोड्याकडे बघू लागले. घोड्याने पट्टा लगेच घेतला नाही. तो खिडकीपाशी गेला आणि हळू आवाजात म्हणाला, "ताई, एक माझ्यामुळे गेलं. आता तुम्ही म्हणाल तसं."

रानकोंबडीने त्याच्याकडे पाहिले. तिला त्याचा राग आला होता, आणि त्याचे गुडघेही तिला दिसत होते. "हो, तुझ्यामुळे गेलं," ती म्हणाली. "ते मी विसरणार नाही. आता मला एवढंच सांग, हिसका न देता नेशील?"

"सुरुवातीला रेडेदादानं मागून रेटा दिला तर नेईन. एकदा चाकं फिरू लागली की हिसका बसत नाही."

रेड्याने मागून कपाळ लावले. घर हलले, चालू लागले आणि मग घोड्याचे पाय भराभर पडू लागले. त्याने मान उंच केली नाही. सगळे लक्ष मागे ठेवून, खळगे चुकवून तो पळत राहिला. रेडा मागे राहिला, लहान लहान होत गेला आणि आपल्या चालीने येत राहिला. घर तळ्याकाठच्या ओल्या चिखलात जाऊन थांबले, तेव्हा मागचे गवत पेटले होते. चिखलाशी येऊन ती आग विझली. रेडा चिखलाच्या कडेने फेरा घालून अंधार पडता पडता पोचला. त्याच्या शेपटीचे केस जळाले होते, बाकी काही नाही.

चार अंड्यांतून चार पिल्ले निघाली.

पाऊस आला तसे सगळे घरासह खालच्या जंगलात परतले, मग हिवाळाही सरला आणि पुन्हा वर निघायची वेळ झाली. सवयीप्रमाणे कोल्हा माळावर आला आणि शर्यतीसाठी पंजाने मातीत रेघ ओढू लागला. वर्षभरात माणसेसुद्धा खूप विसरतात, प्राण्यांना काय बोल लावायचा. बघणारे जमले, घोडा आणि रेडा येऊन उभे राहिले. तेवढ्यात रानकोंबडी गर्दीतून चालत आली आणि रेघेवर उभी राहिली. तिच्या मागे तिची चार पोरे उभी राहिली आणि चौथ्याच्या शेजारी एका पोरापुरती जागा तिने मोकळी ठेवली.

"शर्यत लावा, मी अडवत नाही," ती म्हणाली. "पण आधी सांगा, घर किती जड आहे आणि ते कुठून कुठे न्यायचं आहे?"

कोल्ह्याने त्या मोकळ्या जागेकडे पाहिले. मग पंजाने त्याने रेघ पुसून टाकली.

तात्पर्य : धावण्याचे बळ वेगळे आणि ओढण्याचे बळ वेगळे, ओझे आणि वाट न बघता जो गाडीला जनावर जुंपतो, त्याच्या चुकीची किंमत गाडीत बसलेल्यांना मोजावी लागते.