पाठमोऱ्या धोंड्याची हकीकत

विषय : ऐलवाडीच्या खाडीतला पाठमोरा धोंडा आणि नव्या नावेला नावे ठेवण्याची प्रथा.
संदर्भ : तरीतून, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीतून, जाणाऱ्या पाहुण्यांचे नेहमीचे प्रश्न.

पाहुणे विचारतात, इथे खरेच आरमार होते का, गुराब म्हणजे काय, आणि खाडीतला तो धोंडा पैलवाडीकडे पाठ करून का बसला आहे? ही होडी हाकणारे अंतोबा तांडेल पहिले दोन प्रश्न वल्ह्याच्या दोन फटक्यांत निकालात काढतात. आरमार होते, आणि गुराब म्हणजे तोफा वाहणारी लढाऊ नाव. तिसरा प्रश्न मात्र त्यांना पैलतीरापर्यंत पुरतो. (आपण ‘पैल’ आहोत हे पैलवाडीला अजून मान्य नाही, तो मुद्दा वेगळा.)

फार पूर्वी, असे सांगतात, ऐलवाडीत जिवाजी मेस्त राहत असे. खाडीतली प्रत्येक नाव त्याच्या हातची. पैलवाडीचा भानजी त्याचा साडू. त्याला लाकूड तासायला, वाकस धरायला जिवाजीनेच शिकवले होते. एके वर्षी आरमारासाठी गुराब बांधण्याचा हुकूम आला, तो भानजीच्या नावाने. पैलतीरावर सागवानावर ठोका पडला की इकडे जिवाजीच्या कपाळाची शीर उडे म्हणे. त्यात बायको आवडाई, भानजीच्या बायकोची थोरली बहीण, टोचायला तयारच.

“धाकटीचा निरोप आहे. उद्या गुराब पाण्यात लोटणार. तुम्ही येणार, की इथंच बसून दात खाणार?”

जिवाजी गेला. कशासाठी, ते सगळ्यांना ठाऊक होते. भानजीच्या कुठल्याही कामाला त्याने आजवर बरे म्हटले नव्हते; लग्नातल्या चौरंगाचाही एक पाय त्याला आखूड दिसला होता.

त्याने गुराबीला फेरी घातली. नाळ, म्हणजे नावेचे पुढचे टोक, चोचीसारखी पुढे आलेली, फळ्यांच्या सांध्यात केस शिरणार नाही. इतके चांगले काम त्याच्या हातूनही झाले नसते. आणि मग त्याला ते दिसले. तोफांच्या खिडक्या फार खाली होत्या. रिकामी गुराब डौलात तरंगेल. पण तोफा चढल्या की खाली बसेल, आणि भर वाऱ्यात एका अंगावर कलली की खिडक्यांतून दर्या आत शिरेल. भानजी आणि पैलवाडीची तरणी माणसे तीच गुराब घेऊन निघणार होती.

सांगावे, तर गुराब सुधारेल आणि भानजीचा डंका वाजेल. न सांगावे, तर... पुढचा विचार त्याने केला नाही म्हणे. फळीवरून हात फिरवून तो म्हणाला, “छान आहे. खोट काढायला जागा नाही.”

ढोल थांबले. भानजी पांढराफटक पडला.

“दादा, पुन्हा बोला.”

“छान आहे म्हटलं.”

“दोर सोडू नका रे!” भानजी ओरडला. “दादांनी छान म्हटलंय. कुठंतरी मोठा घोळ आहे!”

त्याने फळीन् फळी ठोकून पाहिली. काही सापडेना, तेव्हा तोफांच्या वजनाचे दगड भरून गुराब हळूच पाण्यात उतरवली. पाणी खिडक्यांच्या ओठांशी आले. मग त्या बुजवून वर नव्या पाडल्या, आणि ती गुराब म्हणे पुढे किती वादळांतून माणसांसकट परत आली.

भानजी नारळ घेऊन पाया पडायला आला. “दादा, तुमच्या एका ‘छान’नं आम्ही वाचलो. आता प्रत्येक नाव आधी तुम्हालाच दाखवणार.”

जिवाजीने हिशेब केला. नावे ठेवली तरी फायदा भानजीचा, कौतुक केले तरी भानजीचाच. उरले मौन. तो खाडीतल्या खडकावर गेला आणि पैलवाडीकडे पाठ करून बसला. आवडाई भाकर घेऊन आली, हाका मारून दमली. शेवटी म्हणाली, “पाठ फिरवलीत ना? मग मान कशाला वळतेय तिकडं?”

तोवर त्याचा दगड झाला होता, असे सांगतात.

आजही धोंड्याची पाठ पैलवाडीकडे आहे आणि मान किंचित वळलेली. आजही कुठल्याही काठाची नवी नाव आधी धोंड्यापाशी नेतात, आणि समोरच्या गावचा माणूस तिला पोटभर नावे ठेवतो. चुकून कोणी कौतुक केले, तर नाव पुन्हा किनाऱ्यावर ओढतात.

धोंड्याला जिवाजीच्या नावाची पाटी लावावी, असा अर्ज ऐलवाडीने बंदर कार्यालयाकडे केला आहे. पाटीवर भानजीचेही नाव हवे, आणि ते वर हवे, अशी पैलवाडीची हरकत आहे. धोंड्याची दर्शनी बाजू कोणती, असे कार्यालयाने विचारले. दोन्ही गावांनी एकच उत्तर कळवले : आमची.

अर्ज विचाराधीन आहे.