मोकळ्या केसांचं नाणं

कधीकाळची गोष्ट आहे. कधीची म्हणून विचारू नका, मला माझं कालचं जेवण आठवत नाही. एवढं मात्र खरं, की समुद्राकाठी एक बंदराचं गाव होतं आणि त्या गावात गलबतांची शिडं शिवणारा एक शिंपी राहत होता. लहानांनी पुढे बसा, मोठ्यांनी मागे. हसायची मुभा दोघांनाही आहे.

शिंपी हाताचा मोठा पक्का. देशोदेशीची गलबतं त्याच्याकडून शिडं शिवून घेत आणि आपापल्या देशाचं नाणं त्याच्या हातावर ठेवून जात. सातासमुद्रापार अमेरिका नावाचा देश आहे ना, तिथल्या एका खलाशाने एकदा त्याला चांदीचं जुनं नाणं दिलं. एका बाजूला केसांना फीत बांधलेली बाई, दुसऱ्या बाजूला काटकुळा गरुड. शिंप्याने ते नाणं उन्हात धरलं, सावलीत धरलं, आणि गडी पुरता वेडा झाला!

मग हळूहळू आणखी नाणी आली. एकावर तीच बाई, पण मागचा गरुड छातीवर ढाल घेऊन चांगला फुगलेला. एकावर बाईच्या डोक्यावर टोपी. एकावर तर बाईसाहेब चक्क खडकावर बसलेल्या. शिंप्याने शिडाच्या कापडाला पाच कप्पे शिवले आणि चार भरले. पाचवा रिकामा होता. त्यात हवी होती त्या देशाच्या नाण्यांवरची सगळ्यांत पहिली, मोकळ्या केसांची बाई. ते नाणं त्याने एकदाच, एका खलाशाच्या तळहातावर पाहिलं होतं, आणि तेव्हापासून त्याला चैन नव्हतं.

हे सगळं त्याने कोणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही. "एवढा घोडा झाला आणि चित्रं बघत बसतो," असं लोक म्हणतील, याची त्याला भारी लाज. नाण्यांची पेटी माळ्यावर, चिंध्यांच्या गाठोड्याखाली. बायको पाण्याला गेली की हा माळ्यावर!

आता झालं असं, की गावात नाण्यांचा एक दलाल आला. डोक्याला पिवळं पागोटं आणि जिभेवर साखर. शेजाऱ्यापाजाऱ्यांपासून लपवलेली गोष्ट शिंप्याने या परक्या माणसाला मात्र पहिल्याच भेटीत सांगून टाकली. माणसाचं असंच असतं बघा.

"मोकळ्या केसांची ना? उद्या सकाळी आणून देतो," दलाल म्हणाला. "बदल्यात तुझी ती नवी होडी दे."

ती होडी म्हणजे शिंपिणीचा जीव की प्राण. तिचं माहेर खाडीपलीकडे. सहा वर्षं दोघांनी काटकसर करून ती बांधली होती, आणि उद्याच तिच्या भाच्याचं बारसं होतं. शिंप्याला हे सगळं ठाऊक होतं. तरी त्याच्या तोंडून "बरं" गेलं. आणि गेलं ते गेलं.

दुपारी तो शिड शिवायला बसला, पण सुई तीनदा बोटात घुसली. बायकोला कोणत्या तोंडाने सांगायचं? आत ती आनंदाने गुणगुणत होती. बाळासाठी चांदीचे वाळे शोधायला ती माळ्यावर चढली होती. वाळे सापडले, आणि गाठोड्याखालची पेटीही सापडली.

"अगंबाई! ह्यांची नाणी किती काळी पडलीत!" ती स्वतःशीच म्हणाली. "वाळ्यांबरोबर लख्ख करून ठेवते, खूश होतील."

तिने अंगणात चिंच कोळली, राख घेतली, आणि खडकावरच्या बाईला आता चिंच लावणार, इतक्यात शिंप्याचं लक्ष गेलं.

"अगं नको! चिंच लावू नकोस!" तो एवढ्या मोठ्याने ओरडला, की माडावरचे कावळे उडाले. "तो मळ नाही, ते तिचं रूप आहे! घासलंस तर केसांची एकेक बट जाईल!"

समोरच्या घरात वैद्यबुवा खलात औषध कुटत होते. गावातले सगळ्यांत तिरसट गृहस्थ. कोणाच्या घरी जात नसत, कोणाला घरी बोलवत नसत. पण ती हाक ऐकली आणि खलबत्ता थांबला. वैद्यबुवा अनवाणी धावत आले.

"वहिनी, हात धुवा आधी!" ते म्हणाले आणि शिंप्याकडे वळले. "जुनी चांदी घासायची नसते, हे तुला कोणी शिकवलं रे? हे तर फक्त नाण्यांच्या वेड्यांनाच कळतं."

 वैद्यबुवांनी ते पाच कप्प्यांचं कापड पाहिलं. रिकाम्या कप्प्यावर त्यांचं बोट थांबलं. "मोकळ्या केसांची?" त्यांनी हळूच विचारलं.

शिंप्याचा बांधच फुटला. त्याने सगळं सांगितलं. नाण्यांचं, दलालाचं आणि होडीचं.

"माझी होडी?" शिंपिणीच्या हातातून वाळे गळून पडले. "मला न विचारता? उद्या बारसं आहे हो!" ती रडायला लागली, आणि शिंप्याला वाटलं, धरणी दुभंगली तर बरं.

"थांबा, थांबा," वैद्यबुवा म्हणाले. "दलाल तो पिवळ्या पागोट्याचा का? अरे, तो सकाळी माझ्याकडे आला होता! माझ्याकडे मोकळ्या केसांची दोन आहेत, हे त्याने गोड बोलून वदवून घेतलं. एक द्या म्हणाला, बदल्यात डबीभर केशर देतो. मी म्हटलं, उद्या ये."

शिंपिणीने एकदा आपल्या दाराकडे पाहिलं, एकदा समोरच्या दाराकडे. आणि मग शिंपिणीला जे हसू फुटलं, ते काही केल्या आवरेना. डोळ्यांत पाणी तसंच आणि हसतेय.

"म्हणजे समोरच्या दारातलं नाणं या दारात यायला माझी होडी लागणार होती!"

वैद्यबुवा घरी गेले आणि एक डबा घेऊन आले. डब्यावर लिहिलं होतं 'जमालगोटा', म्हणजे जुलाबाचं औषध. कोण उघडणार तो डबा? आत पाचही नाणी, शिवाय मोकळ्या केसांचं ते जोडीचं दुसरं. त्यांनी ते शिंप्याच्या हातावर ठेवलं.

"काय देऊ बुवा मी तुम्हाला?" शिंप्याने विचारलं.

"माझा संच पुरा होऊन नऊ वर्षं झाली," वैद्यबुवा म्हणाले. "त्या दिवशी उडी मारावीशी वाटली होती मला. पण दाखवू कोणाला? मग डबा उघडायचीच इच्छा उरली नाही. तू संध्याकाळी येत जा. बघ, आणि वा म्हण. एवढंच दे."

"आणि तुम्ही उद्या बारशाला चला," शिंपीण म्हणाली. मग नवऱ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही मात्र होडी वल्हवा. एकट्याने. जाताना आणि येतानाही!"

सकाळी दलाल आला तेव्हा शिंप्याच्या ओट्यावर दहा नाणी दोन रांगांत मांडलेली होती आणि दोन शहाणी माणसं लहान मुलांसारखी त्यांवर वाकली होती. दलालाच्या लक्षात सगळं आलं. तो कसनुसा हसला आणि रामराम करून निघाला.

त्या दिवसापासून गावाला एक नवाच नाद लागला. संध्याकाळ झाली, की लोक आपापलं लपवलेलं वेड घेऊन त्या ओट्यावर येत. कोणी शिंपले आणी, कोणी पक्ष्यांची पिसं. गावच्या पाटलांनी तर आगपेटीएवढ्या डबीतून रंगीत खडे काढले आणि लाजून लाल झाले. कोणी कोणाला हसलं नाही. उलट, "अहो, असला निळा खडा माझ्याकडे आहे, थांबा, आणतो," असं म्हणत माणसं आपल्या घराकडे धावू लागली.

बोध एवढाच: जो आनंद आपण शेजाऱ्यापासून लपवतो, त्याची किंमत परका माणूस ठरवतो.