हललेला फोटो

"मग काढलं त्याला ग्रुपमधून. बरोबर केलं ना, बाई?"

निहारने अजून हेल्मेटसुद्धा उतरवलं नव्हतं. इनामदार बाई व्हरांड्यात बसून कापडी पिशवीची शिवण पक्की करत होत्या. पकडलेला साप ठेवायची पिशवी. एक टाका सैल राहिला तरी पंचाईत.

बाई प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. घरात साप निघाला की लोकांनी फोटो टाकावा, कोणीतरी मदतीला जावं, म्हणून हा ग्रुप त्यांनीच काढलेला. सोमवारपासून तो सांभाळायला निहारकडे येणार होता. गडी इतका खूश, की नवे नियम लिहून वर पिनही करून मोकळा झाला होता.

"कोणाला काढलंस?"

"टेमकर म्हणून कोणीतरी. कालच आलाय. ना नमस्कार, ना पत्ता, डायरेक्ट फोटो."

"काय लिहिलंय? वाच."

"'हा विषारी आहे का लवकर सांगा.' बास. आणि फोटो असला, की साप आहे का पाइप तेच कळेना. फोटोच हललाय, बाई."

"फोटो कसा हलेल?" बाईंनी सुईत दोरा ओवला. "हात हलला असेल."

निहारच्या ते डोक्यावरून गेलं. त्याला पुढचं सांगायची घाई झाली होती.

"मग मी लिहिलं, 'साहेब, फोटो तुम्ही काढलाय का सापाने?' अख्खा ग्रुप हसला."

बाई हसल्या नाहीत.

"मग?"

"मग शिवी दिली ना त्याने. सगळ्यांसमोर. म्हणे, नुसती अक्कल शिकवायला बसलाय तुम्ही लोक. मग उडवला. हे आत्ता, निघायच्या आधी. मी म्हणतो, नवीन माणसाची आधी परीक्षाच घेऊ. नियम पाठ असतील तरच आत."

"फोटो दाखव."

बाईंनी चष्मा नाकावर सरकवला.

"ही मोरी. ही बादली. आणि हे गुलाबी काय?"

निहारने फोटो बोटांनी मोठा केला.

"चप्पल आहे."

"केवढी?"

मघाशी त्याने बादलीमागचं ते काळं तेवढं बघितलं होतं, आणि तेही धड दिसेना म्हणून वैतागला होता.

"लहान मुलाची," तो म्हणाला.

"हं. साप गेला का मग?"

निहारला माहीत नव्हतं. त्याने ग्रुप वर-खाली करून बघितला. कोणालाच माहीत नव्हतं. सगळे शिवीवर बोलत होते.

टेमकरचा नंबर तिथेच होता. निहारने फोन लावला, पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"हॅलो, मी निहार, सापांच्या ग्रुपवरचा..."

पुढे काही बोलूच दिलं नाही टेमकरने. आधी निहारला शिव्या, मग त्याच्या घरच्यांना, मग अख्ख्या ग्रुपला. निहारने फोन कानापासून लांब धरला. कान लालबुंद. आता मीही सुनावतो, असा चेहरा करून त्याने बाईंकडे बघितलं.

बाईंनी स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं.

निहारने फोन परत कानाला लावला. लावला, आणि ऐकत राहिला.

शेवटी शिव्या संपल्या. पलीकडून नुसती धाप ऐकू येत होती.

"बाळ कुठंय, दादा?"

"शेजारी दिलीय तिला." आवाज एकदम बारीक झाला होता. "मी दाराशी उभा आहे. तो आतच आहे अजून."

"दार ओढून घ्या. खालच्या फटीत टॉवेल कोंबा. आत जाऊ नका, आणि मारायचं तर मनातसुद्धा आणू नका. पत्ता सांगा, मी निघालोच."

बाईंनी दाताने दोरा तोडला, शिवण दोन्ही हातांनी ओढून बघितली आणि पिशवी त्याच्याकडे दिली. साप पकडायची काठी बाइकला बांधलेलीच असायची.

फाटकापाशी निहार थांबला.

"बाई, त्याला परत ग्रुपमध्ये घेऊ?"

"आधी तो तुला घरात घेतोय का बघ."