केरबाशेटचा लोखंडी गुडघा

घाटाच्या पायथ्याला एक गाव होतं आणि त्या गावात हौसाबाई नावाची एक बाई काठ्या करायची. घाट चढायचा म्हटलं की लहानथोर सगळे आधी तिच्या ओसरीवर थांबत.

ओसरीवर काठ्या टांगलेल्या असत, आणि एकीसारखी दुसरी नसे. धनगराची काठी डोक्याहून उंच, कारण खडकावरून उतरताना तो आधी काठी टेकतो आणि मग स्वतः उतरतो. मोळीवाल्याची जाड आणि वर बेचकं असलेली, दम खाताना ओझं टेकता यावं म्हणून. म्हाताऱ्यांची वाकड्या मुठीची. आणि घाटातून टपाल घेऊन पळणाऱ्या बहिरू जासुदाची काठी कारवीची, बोटभर जाडीची, हातात आहे की नाही हेही कळू नये इतकी हलकी. अरुंद वाटेवर लोकांनी बाजूला व्हावं म्हणून तिला वर दोन घुंगरं बांधलेली असत.

हौसाबाई गिऱ्हाइकाला काठी निवडू द्यायची नाही. माणूस आला की ती म्हणायची, "आधी वहाण काढा आन् तळ दावा." वहाण उलटी करून ती कुठं झिजलीय ते बघायची, मग विचारायची, "चढायचंय का पळायचंय? पाठीवर काय? गुडघा कसा हाय?" उत्तरं मिळाली की मुकाट्यानं एक काठी काढून हातात द्यायची. लोक हसायचे, म्हणायचे की ही बाई माणसाच्या तोंडाकडं बघतच नाही. पण तिची काठी कधी चुकायची नाही.

एके दिवशी उजाडताच तिच्या ओसरीवर केरबाशेट आले. केरबाशेट म्हणजे पेठेतले गुळाचे व्यापारी. अंगानं भरलेले, मनानं मोकळे, बोलायला गोड. दोष एकच. आपल्यात काही उणं आहे हे त्यांच्या तोंडून कधी निघायचं नाही. ताप आला तर म्हणायचे, आज जरा ऊब जास्त आहे.

त्या दिवशी ते फार आनंदात होते. घाटमाथ्यावरच्या माथेवाडीत त्यांची धाकटी बहीण सुंदरा दिली होती. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर तिला मुलगा झाला होता, आणि आज त्याचं जावळ होतं. जावळ काढताना बाळ बसतं मामाच्या मांडीवर, हे तुम्हाला ठाऊकच आहे. माथेवाडीची रीत मात्र याहून कडक होती. सूर्य डोक्यावर यायच्या आत मामा पोचला नाही, तर बाळाला लाकडी पाटावर बसवून केस काढत, आणि मग ते पोर जन्मभर 'पाटाचा भाचा' म्हणून ओळखलं जाई. साठ वर्षांचे एक आजोबा गावात अजून त्याच नावानं हाक मारली की ओ देत होते.

वाट अशी की घोडं चढत नाही आणि डोली वळत नाही. सात वळणं, आणि शेवटच्या दोन वळणांना कातळात खोदलेल्या उंच पायऱ्या. केरबाशेट आयुष्यात कधी घाट चढले नव्हते. माथेवाडीचेच लोक बाजाराला खाली येत.

"हौसाबाई, तुझ्याकडची सगळ्यात चांगली काठी दे," केरबाशेट म्हणाले.

"सगळ्यात चांगली अशी काठी नसती शेट. वहाण दावा."

शेटनी ऐटीत पाय पुढं केला. वहाणा करकरीत नव्या होत्या, खास जावळासाठी घेतलेल्या. जुन्या त्यांनी नुकत्याच पायरीपाशी काढून ठेवल्या होत्या.

"ह्या वहाणांना अजून काय बी ठावं न्हाई," हौसाबाई म्हणाली. "पाठीवर काय?"

"गुळाची ढेप, आणि भाच्याचं अंगडं-टोपडं."

"आन् गुडघा?"

ओसरीवर पाच-सहा माणसं बसली होती. सगळ्यांनी माना वर केल्या. केरबाशेटचा डावा गुडघा गेली तीन वर्षं दुखत होता. रात्री कुशीवर वळलं तरी कळ यायची. पण पाच-सहा माणसांदेखत ते कसं सांगायचं?

"गुडघा?" शेट हसले आणि त्यांनी मांडीवर थाप मारली. "लोखंडाचा आहे."

तेवढ्यात बहिरू जासूद टपालाची थैली घ्यायला अंगणातून पळत गेला. मिशीवाला, चाळिशीचा गडी, पण पाय जमिनीला लागतात की नाही असं वाटावं. घुंगरं छुमछुम वाजली. शेटचे डोळे चमकले.

"मला तसली दे," ते म्हणाले.

"ती पळणाऱ्याची हाय शेट. बहिरू तिच्यावर भार टाकीत न्हाई, नुसती शिवल्यागत करतो. सपाटीवर तर कमरेलाच खोवतो."

"मग मीही तसंच करीन."

हौसाबाईनं वाद घातला नाही. तिनं घुंगरांची काठी दिली. शेट छुमछुम करत निघाले. ओसरीवरची माणसं एकमेकांकडं बघून मिशीत हसली.

शेट दिसेनासे झाल्यावर हौसाबाईनं पायरीजवळच्या त्यांच्या जुन्या वहाणा उचलल्या आणि उलट्या केल्या. उजव्या वहाणेची टाच पार झिजून गेली होती. डाव्या वहाणेची टाच जवळपास कोरी होती. माणूस सगळा भार उजव्या पायावर घेतो, म्हणजे डाव्याची काय गत आहे हे तिला कळलं. तिनं आतून धामणीच्या चिवट लाकडाच्या दोन काठ्या आणल्या. दोन्ही सारख्या, टोक झिजू नये म्हणून खाली लोखंडी शेंबी बसवलेली, आणि प्रत्येकीवर सुतळी गुंडाळून केलेल्या दोन मुठी, एक वर आणि एक वीतभर खाली. टपाल घेऊन निघालेल्या बहिरूच्या पाठीवर तिनं त्या बांधल्या.

"शेटना द्यायच्या. पर गुडघा दुखतो असं त्यांनी सोताच्या तोंडानं म्हटलं तरच."

"आन् न्हाई म्हटलं तर?"

"तर मग काठी देऊन बी उपेग न्हाई. दुखतंय हेच जो कबूल करीत न्हाई, तो काठीवर भार कशाला टाकंल? खांद्यावर मिरवील नुसती."

इकडं शेटचं पहिलं वळण मजेत झालं. घुंगरं वाजत होती, झाडावरची माकडं वाकून बघत होती. दुसऱ्या वळणावर शेटनी काठीवर थोडा भार दिला. काठी धनुष्यासारखी वाकली. त्यांनी भार काढून घेतला आणि गुडघ्यावर घेतला. गुडघ्यात कळ आली.

मागून बहिरू आला. "रामराम शेट. गुडघा काय म्हणतोय?"

"लोखंडाचा आहे," शेट म्हणाले. "पाठीवर त्या काठ्या कुणाच्या?"

"ज्याला लागतील त्याच्या," बहिरू म्हणाला आणि पुढं पळाला.

तिसऱ्या वळणावर कारवीची काठी काडकन मोडली. शेटनी इकडंतिकडं पाहिलं. कुणी नव्हतं. त्यांनी घुंगरं सोडून खिशात टाकली आणि तुकडे झुडपात टाकून दिले. मग ढेप सावरत, प्रत्येक पावलाला उजवीकडं कलत, ते चौथं वळण चढले. ऊन तापू लागलं होतं.

पाचव्या वळणावर बहिरू वरून उतरत समोर आला. थैली वर पोचवून तो परत आला होता. काठ्या पाठीवर तशाच होत्या.

"शेट, सुंदराताईंनी धाडलंय. इचारतायत, दादा कुठवर आलाय? सासूबाईंनी पाट धुवाय घेतलाय."

शेटनी घाईघाईनं ढेप सावरली. "सांग, आलोच म्हणून."

"गुडघा?"

एवढा पळणारा गडी समोर उभा, आणि त्याला काय सांगायचं? "लोखंडाचा," ते म्हणाले, पण आवाज निम्माच निघाला. बहिरूनं मान हलवली आणि तो वर पळाला.

मग पायऱ्या लागल्या. गुडघ्याएवढी उंच एकेक पायरी. शेटनी उजवा पाय वर टाकला. डावा उचलेना. हातानं धरून उचलला. अशा अकरा पायऱ्या झाल्या आणि बाराव्या पायरीवर ते मटकन बसले. वर गावातली सनई ऐकू येत होती. आपली सुंदरा तिथं वाटेकडं डोळे लावून उभी असेल, नऊ वर्षांनी देवानं दिलेलं पोर तिच्या कडेवर असेल, आणि आपण इथं बसलो आहोत, हे मनात येऊन केरबाशेटचे डोळे भरून आले. आपण एवढं खोटं का बोललो, तेही एका गुडघ्यासाठी, याची त्यांना फार लाज वाटली.

वरून बहिरू पुन्हा उतरला. "शेट, पाट पुसून झाला. न्हावी वस्तरा परजतोय."

"बहिरू," शेट म्हणाले, "लोखंड गंजलं रे."

बहिरू त्यांच्याजवळ पायरीवर बसला. "म्हंजे?" त्यानं विचारलं.

"डावा गुडघा दुखतो. तीन वर्षं दुखतोय. बायकोलासुद्धा सांगितलं नाही. मला काही तुझ्यासारखं पळता यायचं नाही. मला कशीतरी वर पोचव."

बहिरूनं हसत पाठीवरच्या काठ्या सोडल्या. "सकाळधरनं ह्या तुमच्याच हायत. हौसाबाईनं दिल्यात. पर गुडघा दुखतो असं तुम्ही म्हटल्याबिगर द्यायच्या न्हाईत असं तिनं बजावलं व्हतं."

"दोन काठ्या? लोक काय म्हणतील?"

"भाच्याला काय म्हणतील ते बघा आधी."

शेट उठले. बहिरूनं ढेप स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि समजावून सांगितलं, "चढताना खालची मूठ धरायची, म्हणजे हात खांद्याच्या वर जात न्हाई. उद्या उतरताना वरची धरा, म्हणजे वाकावं लागत न्हाई. आन् भिऊ नका, सगळा भार टाका."

शेटनी दोन्ही काठ्या वरच्या पायरीवर टेकल्या आणि भार टाकला. काठ्या वाकल्या नाहीत. आधी हात चढले, मग अंग चढलं, आणि डावा गुडघा नुसता सोबतीला आल्यासारखा मागून आला. शेटना हसू फुटलं. सहावं वळण झालं. सातवं झालं.

माथेवाडीच्या अंगणात सगळा गाव जमला होता. सूर्य डोक्यावर यायला हातभर उरला होता. मधोमध धुतलेला पाट मांडलेला होता आणि बाळ कडेवर घेऊन सुंदरा वाटेवर उभी होती. तिला आधी दोन काठ्या दिसल्या, आणि मग त्यांच्यामध्ये घामानं निथळणारा दादा दिसला.

"दादा, दोन काठ्या कशाला? काय झालं?"

सगळा गाव बघत होता. केरबाशेटनी दम घेतला. "माझा डावा गुडघा दुखतो, सुंदरा," ते मोठ्यानं म्हणाले. "ह्या काठ्या नसत्या तर मी पोचलो नसतो."

कुणीच हसलं नाही. मग सुंदराचे सासरे, ज्यांचा रुबाब सगळ्या घाटाला माहीत होता, जरा पुढं झाले आणि हळूच म्हणाले, "पाव्हणं, ह्या कुठं मिळत्यात? माझा उजवा दुखतो."

"माझे दोन्ही," पाटील म्हणाले.

"माझी कंबर," वस्तरा हातात धरून न्हावी म्हणाला. आणि मग मात्र सगळं अंगण पोट धरून हसलं.

केरबाशेटनी पाट बाजूला सारला, जमिनीवर डावा पाय खुशाल लांब पसरला आणि उजव्या मांडीवर भाच्याला घेतलं. वस्तरा दिसताच बाळानं भोकाड पसरलं. शेटनी खिशात हात घातला आणि कारवीच्या काठीची ती दोन घुंगरं काढून त्याच्यासमोर वाजवली. बाळ रडायचं थांबलं, घुंगरं पकडायला धडपडू लागलं, आणि ते खिदळत असतानाच त्याचं जावळ निघालं. नंतर बहिरूनं ढेप फोडली आणि गावानं गूळ खाल्ला.

दुसऱ्या दिवशी केरबाशेट वरची मूठ धरून घाट उतरले. त्यांच्यामागून माथेवाडीची चौदा माणसं उतरली. हौसाबाईच्या ओसरीवर सगळ्यांनी न सांगता वहाणा काढल्या आणि उलट्या करून ओळीनं मांडल्या. पहिल्या रांगेत केरबाशेटच्या जुन्या वहाणा होत्या. त्या तिनं कालच पुसून ठेवल्या होत्या.

"गुडघा कसा हाय शेट?" तिनं विचारलं.

"दुखतोय," केरबाशेट आनंदानं म्हणाले.

तात्पर्य: आधार निवडताना दुसऱ्याची धाव पाहू नये, आपली वाट आणि आपला पाय पाहावा. आपलं उणं जो लपवतो, त्याच्या शेजारून मदत पुन्हा पुन्हा निघून जाते. जो बोलून दाखवतो, त्याच्या हाती ती पहिल्याच हाकेला येते.