चालत्या यंत्रावरचा थांबा

जिल्ह्याच्या गावी हेमांगी नावाची तरुणी राहत होती. अंडी उबवणाऱ्या यंत्रांचे प्रोग्राम लिहिणे हे तिचे काम. तिचे एक यंत्र दूरच्या खेड्यात अनसूयाकाकूंकडे होते. तिथल्या बायकांनी आपापल्या गावरान कोंबड्यांची अंडी विश्वासाने काकूंच्या हवाली केली होती. पिल्ले उद्या बाहेर पडायची होती.

त्या दुपारी काकूंचा फोन आला.

"हेमांगी, यंत्र गार पडतंय गं! बंद करून चालू केलं की तापतं, थोड्या वेळानं पुन्हा तेच. आत जीव आहेत बाई, काहीतरी कर."

यंत्र बंद केले की प्रोग्राम सगळे विसरतो आणि चुकीचा मागही पुसला जातो. म्हणून यंत्र चालू असतानाच आत पाहायचे तिने ठरवले. त्यासाठी डीबगर नावाचे साधन असते. ते दूर बसून इंटरनेटवरून चालत्या प्रोग्रामला जोडता येते. तिने ते जोडले. मग नीट वाचता यावे म्हणून प्रोग्रामच्या एका ओळीवर थांबा ठेवला. त्या ओळीशी येताच प्रोग्राम जागच्या जागी उभा राहिला.

आतले सगळे आकडे तिच्यासमोर स्वच्छ मांडले गेले. ती वाचण्यात गढून गेली. प्रोग्राम उभा राहिला की यंत्राकडे बघणारे कोणी उरत नाही, याचे तिला भानच राहिले नाही. हीटर पेटलेला होता, तो तसाच पेटत राहिला.

"अगं, आता उलटंच झालं!" काकू फोनवर ओरडल्या. "तापमानाचा आकडा वर चाललाय आणि पंखा गप्प आहे!"

यंत्र गार पडण्याचे कारण हेमांगीला अजून सापडले नव्हते. आणखी थोडा वेळ मिळाला असता तर कदाचित सापडलेही असते. पण तिने प्रोग्राम तत्काळ मोकळा सोडला. पंख्याची घरघर फोनमधून ऐकू आली.

"हं, आला आकडा खाली," काकू म्हणाल्या. "मध्येच लाइट गेली होती का गं? आमच्याकडे जाते अशी."

'हो' हा शब्द हेमांगीच्या ओठांवर आला. तो खपलाही असता. तिच्या कामाला आजवर कोणी नाव ठेवले नव्हते.

"लाइट नव्हती गेली, काकू," ती हळूच म्हणाली. "मीच थांबवलं. बघायच्या नादात आतली अंडी विसरले. त्यांना झळ बसली असेल तर ती माझ्यामुळे."

"म्हणजे नाडी बघायला आलेल्या डॉक्टरनंच गळा धरला म्हणायचा!" काकू म्हणाल्या.

हेमांगीने ते ऐकून घेतले, पण काम सोडले नाही. तिने थांबा काढला. त्याऐवजी अशा खुणा ठेवल्या की प्रोग्राम जाता जाता नोंद करील, पण थांबणार नाही. मग ती बघत बसली. आकडा पुन्हा उतरू लागला. पडद्यावर नोंदी उमटल्या. यंत्राचे दार उघडले. लावले. लगेच पुन्हा उघडले. लावले.

"काकू, दार कोणी उघडलं?"

"मीच गं," काकू म्हणाल्या. "चिवचिव ऐकू येते का बघायला सकाळपासून उघडतेय. लावलं की वाटतं, नीट ऐकलंच नाही. मघाशी विचारलं असतंस तर साफ नाही म्हटलं असतं. बायका काय म्हणतील मला! पण तू तुझं सांगितलंस, मग मी कशाला लपवू?"

आता उलगडा झाला. दार उघडले की हीटर बंद व्हायचा. दार घाईने दोनदा उघडले की प्रोग्राम गोंधळायचा, आणि दार लागले तरी त्याला ते उघडेच वाटायचे. चूक हेमांगीच्याच लिखाणात होती.

"एकदा सावकाश उघडा आणि सावकाश लावा, म्हणजे दार लागलेलं प्रोग्रामला कळेल," ती म्हणाली. "मग पिल्लं निघेपर्यंत तुम्ही दाराला हात लावू नका, मीही प्रोग्रामला लावत नाही. दुरुस्ती नंतर करू."

हीटर पेटला आणि पेटत-विझत नीट चालू राहिला. तरी ती रात्र दोघींनाही जड गेली.

दुसऱ्या दिवशी पिल्ले निघाली. काही अंडी मात्र फुटलीच नाहीत. ती गारठ्याने गेली की झळेने, हे कोणालाच सांगता आले नाही. काकूंनी बायकांना दोघींचीही चूक सांगितली. मग त्यांतली एक जण पदर पुढे करून म्हणाली, "माझी पिल्लं दे. आणि पुढच्या खेपेची अंडी कधी आणू, तेही सांग."

तात्पर्य: चालत्या कामाची तपासणी करताना आपल्या हातून काही बिघडले, तर ते आधी आपण सांगावे, म्हणजे दुसऱ्यालाही खरे बोलण्याचा धीर येतो आणि मूळ दोष सापडतो.