सरकारांच्या मोटारीचा उजवा दिवा

सगळा दोष मामासाहेबांचा! खडकसांगवीत शेंबड्या पोरांनाही ते ठाऊक होतं, पण बोलायचं कुणी? सरकारांचे ते सख्खे मामा. दिवसभर लोडाला टेकून पान चघळायचं आणि कुणी विचारलं नसताना सल्ला द्यायचा, एवढीच त्यांची कामगिरी. विजेतलं त्यांना इतकंच कळायचं, की बटण दाबलं की नोकर येतो!

अशा माणसानं सरकारांच्या आजोबांच्या मोटारीला सिग्नलचे बल्ब निवडले. दुकानदाराला म्हणाले, "सगळ्यात लख्ख दिसतील ते एलईडी दे!" झालं. खंडेनवमीला मोटारीची पूजा व्हायच्या आधी चारही जुने बल्ब निघाले, नवे बसले. काच पिवळी, आत बल्ब पांढरा! उजेड कसला, पाणी घातलेलं ताक नुसतं.

आता गावची रीत अशी, की देवाच्या मिरवणुकीत पुढं मोटार, मागं ढोल, त्यामागं पालखी. देवळाला प्रदक्षिणा घालताना मोटार सारखी उजवीकडे वळते, म्हणून उजवा सिग्नल चालूच असतो. ढोलवाल्यांनी घाई करू नये म्हणून थोरल्या सरकारांनी नियमच घातला होता: दिवा मिचकला की ढोलावर टिपरू पडायचं. आधी नाही, नंतर नाही.

त्या संध्याकाळी दिवा पिसाळल्यासारखा मिचकायला लागला. टिकटिकटिकटिक! ढोल त्याच्यामागं धावले. ढोलावर पावलं टाकणारे पालखीचे भोई पळत सुटले. ते अंगावर येताना पाहून ड्रायव्हरनं मोटार दामटली. पुजारीबुवा आरतीचं ताट घेऊन बाहेर येईपर्यंत देव प्रदक्षिणा आटोपून दारात हजर!

सरकार खवळले. मामासाहेबांनी लगेच बोट दाखवलं, "ढोलवाले पिऊन आलेत!"

ढोलाचा मान धोंडीआप्पांच्या घराकडे, पणजोबांपासूनचा. धोंडीआप्पांनी काय करावं? हात जोडले! "चुकलं, सरकार."

"काय चुकलं, आप्पा?" मागून त्यांची लेक हौसा कडाडली. ती दुधाचा टेंपो चालवायची, आणि टेंपोला हॉर्नची गरज नाही असं गाव म्हणायचं. "तुम्ही दिव्यावर वाजवलंत. दिवाच सुसाट सुटला. तो बसवला कुणी, ते विचारा की!"

"मोठ्यांसमोर तोंड उघडतेस?" मामासाहेब गुरगुरले.

"मोठ्यांनी खरं सांगायला उघडलं असतं, तर माझं मिटलेलंच राहिलं असतं!"

सरकार मनाचे वाईट नव्हते, पण हट्टी! मामांची चूक भर गर्दीत कबूल करणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. त्यांनी मिशीवर हात फिरवला.

"ऐक, पोरी! मामासाहेबांनी निवडलेले बल्ब निघणार नाहीत. आजोबांच्या मोटारीत बाजारातली आणखी एकही नवी चीज शिरणार नाही. बाहेरून जुना दिवा दिसता कामा नये. आणि उद्या दसऱ्याच्या शिलंगणाला ठेका जुनाच पडला पाहिजे! पडला तर मान तुमचा. नाही तर शहरातून बँड येईल!"

धोंडीआप्पांनी पुन्हा हात जोडले.

"पडेल ठेका!" हौसा म्हणाली. "काढलेले जुने बल्ब तेवढे द्या, आणि मागच्या सीटखालची जागा."

"कचराच तो. ने!" मामासाहेब पिंक टाकत म्हणाले.

वाटेत आप्पा करवादले, "घालवलास मान! काय करणार आहेस तू?"

"आप्पा, आपल्या टेंपोचा मागचा बल्ब जळला, तेव्हा उरलेला कसा मिचकत होता?"

"असाच... येड्यासारखा."

"मग! सिग्नलच्या फ्लॅशरला उजेडाशी काय करायचंय? वीज किती खाल्ली तेवढं त्याला कळतं. कमी खाल्ली की बल्ब गेला समजून तो दिवा भराभर मिचकवत बोंब ठोकतो. हे एलईडी खातात चिमणीएवढं! खादाड कुणीतरी जोडीला बसवायला पाहिजे."

दसरा उजाडला. शिलंगण म्हणजे गावाची वेस ओलांडायची, आणि पहिलं पाऊल सरकारांचं. सरकार पुढं ड्रायव्हरशेजारी बसले. मागच्या अख्ख्या सीटवर मामासाहेब ऐसपैस! ठेक्यासाठी उजवा सिग्नल लागला.

टिक... टिक... टिक.

धम... धम... धम! आप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण टिपरू चुकलं नाही. पालखी डुलत निघाली. सरकारांची मान ठेक्यावर हलू लागली.

मामासाहेब मात्र चुळबुळायला लागले. आधी डावीकडे सरकले, मग उजवीकडे. वेशीपाशी मोटार थांबते न थांबते तोच, "मेलो! भाजलो!" ओरडत त्यांनी उडी ठोकली, ती थेट वेशीपलीकडे! सरकारांच्या आधी!

सरकार लालबुंद. "काय आहे सीटखाली?"

हौसानं पत्र्याचा डबा बाहेर ओढला, झाकण काढलं. आत उजव्या बाजूचे दोन्ही जुने बल्ब वायरला जोडलेले, नव्यांच्या जोडीनं मिचकत होते. डबा तापून तव्यासारखा झाला होता.

"अगं, पण डब्यात यांचा उजेड कुणाला?"

"कुणालाच नाही, सरकार! उजेड पाडतात ते बाहेरचे नवे. हे आत बसून नुसते खातात. त्यांनी खाल्लं की मोटारीला वाटतं, सगळं पूर्वीसारखंच चाललंय, आणि ती शहाण्यासारखी चालते. मोठ्या घरात असं एखादं पोसावंच लागतं!"

सगळ्या गावानं मामासाहेबांकडे पाहिलं. ते धोतर हातानं झटकत उभे होते.

सरकारांनी ओठ दाबून धरले. जमेना! असे हसले, असे हसले, की फेटा नाकावर उतरला! "आप्पा, ढोलाचा मान कायमचा तुमच्या घराला! आणि पोरी, पुढच्या वर्षी बल्ब तू निवडायचे!"

"पिवळ्या काचेला पिवळेच आणीन, सरकार. आणि त्यांना साजेसा फ्लॅशरही आणू द्या. मग आत कुणाला बसवून खायला घालायला नको!"

"आण!" सरकार डोळे पुसत म्हणाले.

मामासाहेबांची मोटारीतली जागा गेली. आता दर दसऱ्याला ते पालखीमागून पायी येतात.